पाण्याकडची दारे

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, ज्या काळी राजांची नावे लोक विसरत, पण भरती-ओहोटीच्या वेळा लहान मुलालाही तोंडपाठ असत, त्या काळी एका राज्याच्या पश्चिम टोकाला एक खाडी होती आणि खाडीच्या काठी एक नगर होते.

खाडी आधी आली, नगर मागाहून. हे मुद्दाम सांगावे लागते. कारण पुढे त्या नगरातील लोकांना नेमके याच्या उलट वाटू लागले.

आरंभी तिथे मीठ पिकवणाऱ्यांच्या चार झोपड्या होत्या. मग कोळी आले. मग एके वर्षी वादळात सापडलेला एक मचवा आसऱ्यासाठी आत शिरला. त्याच्या मालकाला खाडीचे पाणी खोल आणि शांत वाटले, म्हणून पुढच्या वर्षी तो पाच मचवे घेऊन आला. काळ्या दगडाचा धक्का बांधला गेला. धक्क्यावर नारळ, कौले, खजूर आणि तांब्याचे पत्रे उतरू लागले. विणकर आले, रंगारी आले, तांबट आले. काठाला लागून घरांची एक लांबलचक रांग उभी राहिली, आणि त्या रांगेलाच लोक नगर म्हणू लागले.

या रांगेचा एकच नियम होता. प्रत्येक घराचे मुख्य दार पाण्याकडे उघडले पाहिजे. पहिल्या पिढीने हा नियम का केला, ते तिने सांगितले नाही आणि पुढच्या पिढ्यांनी विचारले नाही. नियमाचा लाभ मात्र त्यांना रोज मिळत होता. सकाळी घरातील बाई दार उघडी, सडा घाली, रांगोळी काढी आणि मान वर करून एकवार पाण्याकडे पाही. धक्क्यापाशी गाळ चढलेला दिसला, बांध खचलेला दिसला, किंवा पाण्याला नको तो रंग आलेला दिसला, तर ती शेजारणीला सांगे. शेजारीण तिच्या शेजारणीला सांगे. दुपारची ओहोटी लागेपर्यंत घराघरांतील पुरुष घमेली आणि फावडी घेऊन चिखलात उतरलेले असत. खाडीची राखण करण्यासाठी त्या नगरात कोणी अधिकारी नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती.

नव्या घराला दार बसवले, की तिथे एक रीत पाळली जाई. तिला 'दाराची साक्ष' म्हणत. दार बसवणारा सुतार सर्वांच्या आधी उंबरठ्यावर उभा राही, स्वतःच्या हाताने दोन्ही फळ्या उघडी आणि समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगे. "पाणी दिसते आहे, भरती लागली आहे," असे तो म्हणाला, की मगच घरधनी नारळ वाढवी आणि कुटुंबासह आत जाई. सुताराची साक्ष झाल्याखेरीज त्या दाराला कोणी दार मानत नसे.

त्या नगरात धाकोजी नावाचा एक सुतार होता. त्याच्यासारखा कसबी माणूस पुढेमागे झाला नाही. त्याने जोडलेल्या लाकडांच्या सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवले, तरी ते कुठे अडत नसे. त्याच्या चौकटीवरच्या वेली वाऱ्याने हलतील असे वाटे, आणि त्याने कोरलेल्या राघूंच्या चोचीतील फळ पिकलेले आहे की कच्चे, हे मुले पैजेने सांगत.

मात्र धाकोजीच्या मनात एक सल होता. त्याची दारे पाण्याकडे उघडत, म्हणून ती मुख्यतः पाण्यावरच्यांनाच दिसत. आणि होडीतून जाणाऱ्या माणसाला साठ हातांवरून राघू आणि कैरी सारखीच दिसते. आपले काम जाणत्यांनी जवळून पाहावे, अशी त्याची फार इच्छा होती.

धाकोजीला एकुलती एक मुलगी होती. तिचे नाव आवडी. तिला त्याने खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावी दिले होते. पलीकडे म्हणजे तरीच्या होडीने जायला एक घटका, आणि खाडीला वळसा घालून वाटेने जायचे तर तीन दिवस. पोशा नावाचा नाखवा भरतीच्या पाण्यावर ही होडी चालवी. आवडीला माहेरी यायचे असले, की ती आदल्या दिवशी आपल्या अंगणात लाल लुगडे वाळत घाली. अलीकडच्या दारातून तिच्या आईला, राहीला, ते दिसे आणि ती दुसऱ्या दिवशी एक मूठ तांदूळ जास्त घेई. नाखवा धाकोजीला चिडवीत असे, की तुझी लेक नांदायला गेलीच नाही, ती फक्त पाणी ओलांडून झोपायला जाते.

अशात एके वर्षी दवंडी पिटली गेली, की राजा या नगराला भेट देणार आहे. राजाला पाण्याची भीती वाटे. तो येणार होता हत्तीवरून. म्हणून घरांच्या रांगेच्या मागल्या अंगाला, जिथे परसातील केळी आणि गोठे होते, तिथे रुंद राजमार्ग बांधण्यात आला.

नगराच्या कारभाऱ्याचे घर तेव्हा नुकतेच नव्याने बांधून होत होते. त्याने धाकोजीला बोलावले आणि सांगितले, की मुख्य दार या खेपेला मार्गाकडे बसवायचे. धाकोजीने नकार दिला. रीत आहे, असे तो म्हणाला. कारभारी रागावला नाही. तो हसला आणि त्याने अर्धवट कोरलेल्या चौकटीवरून हळूच हात फिरवला.

"धाकोजी, अशी चौकट उभ्या राज्यात कुठे नाही," तो म्हणाला. "ती पाण्याकडे बसवलीत, तर पाहणार कोण? बोयटे मासे आणि खेकडे?"

हे वाक्य धाकोजीच्या मनातील सलाला बरोबर जाऊन भिडले. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने होकार कळवला.

पोशा नाखव्याच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा तो तरीची होडी बांधून सुताराच्या पडवीत येऊन बसला. त्याने उपदेश केला नाही. रंध्याखालून निघणाऱ्या साली तो बोटाला गुंडाळीत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, "दादा, आम्ही रोज पाण्यावर असतो, तरी खाडी आम्हांला नाही सांभाळता येत. ती सांभाळतात तुमच्या बाया, उंबऱ्यात उभ्या राहून. एक बाई फिरली तर चालून जाईल. सगळ्या फिरल्या, तर काय करायचं?"

एकाच घराचे तर दार आहे, असे उत्तर धाकोजीने दिले. ते उत्तर त्याला स्वतःलाही पटले, ही त्यातली वाईट गोष्ट.

दार बसले. साक्षीचा दिवस उजाडला. सारे नगर मार्गावर जमले होते. धाकोजी उंबरठ्यावर उभा राहिला. त्याने फळ्या उघडल्या. समोर लाल धूळ होती, मार्ग चोपून बसवणारे बैल होते आणि माणसांच्या डोक्यांची गर्दी होती. पाणी त्याच्या पाठीशी, चार भिंतींच्या पलीकडे होते. तो "धूळ दिसते आहे" असे म्हणाला असता, तर रीतीप्रमाणे ते दार दार ठरले नसते, आणि त्याचे काम राजाने पाहिले नसते.

"पाणी दिसते आहे," धाकोजी मोठ्याने म्हणाला. "भरती लागली आहे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसले. मग सगळेच हसले. कारभाऱ्याने नारळ वाढवला आणि जो तो खोबऱ्यासाठी पुढे सरकला. गर्दीच्या टोकाला उभी असलेली राही तेवढी हसली नाही. एवढ्या वर्षांत आपला नवरा लाकडाशी किंवा माणसाशी खोटे बोललेला तिने पाहिला नव्हता.

राजा आला. हत्ती कारभाऱ्याच्या दारापाशी थांबवून त्याने चौकट निरखली, राघूंच्या चोची पाहिल्या आणि हा कोणाचा हात, असे विचारले. धाकोजीला भर मार्गावर शेला पांघरवण्यात आला. त्या शेल्याची ऊब खोटी नव्हती. त्याची कला खरोखर मोठी होती, आणि ती कोणीतरी जवळून पाहिली होती.

त्यानंतर मात्र थांबता आले नाही. पहिल्यांदा रंगाऱ्याने आपले दार फिरवून मागितले. मग तांबटाने. मग विणकरांच्या सातही घरांनी एकदम. मार्गावर दुकाने बसली, पालख्या येऊ-जाऊ लागल्या, पाहुणे मार्गाकडून येऊ लागले. आणि ज्याचे दार अजून पाण्याकडे होते, त्याला लोक विचारू लागले, की तुमचे घर रुसले आहे काय. प्रत्येक नव्या दाराशी धाकोजी उभा राही, समोरच्या धुळीकडे पाही आणि "पाणी दिसते आहे" असे म्हणे. आता हसतही कोणी नसे. ते नुसते शब्द राहिले होते.

जुन्या पाण्याकडच्या दारांचे काय झाले? ती बुजवून लहान करण्यात आली. त्यांच्याशी मोऱ्या बांधल्या गेल्या. तिथे भांडी घासली जाऊ लागली. पूर्वी राख आणि उष्टे शेतात नेऊन टाकत. आता मागचे दार उघडून हात लांब केला, की काम होई. फुटकी मडकी गेली, कौलांचे तुकडे गेले, रंगाऱ्याच्या कढयांतील निळे-तांबडे पाणी गेले, तांबटाच्या भट्टीतील कोळसा गेला. ही माणसे वाईट नव्हती. मुख्य दारापाशी त्यांनी काडीही पडू दिली नसती. मागचे दार मात्र कोणाच्याच नजरेचे नव्हते.

शेवटी साऱ्या रांगेत धाकोजीचे एकट्याचे घर पाण्याकडे तोंड करून उरले. शेजारी म्हणू लागले, की सुताराचे स्वतःचेच दार परसात आहे, आता याने आमची घरे काय शोभवावी? धाकोजीने घरी विषय काढला. राही तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, माझी लेक पलीकडे आहे," ती म्हणाली. "तिच्याकडे पाठ करून मला बसता यायचं नाही."

धाकोजीने पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्याच वर्षी आवडीचे बाळंतपण आले आणि राही दोन महिने पलीकडे जाऊन राहिली. ती परतली, तेव्हा तिच्या घराचे दार मार्गाकडे होते. धाकोजीने त्यावर आपले सारे कसब ओतले होते. आजवर केलेल्या दारांत ते सर्वांत देखणे होते. राहीने ते पाहिले, चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि ती आत गेली. ती त्याच्याशी भांडली असती, तर त्याला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून राही भांडी घासायला फार वेळ घेऊ लागली. मागचे दार अरुंद होते, आणि पुढे नव्या भिंतीचा कोपरा आला होता. तिथून पलीकडच्या काठाचा पांढरा पट्टा तेवढा दिसे, आवडीचे अंगण दिसत नसे. एकदा आवडी आपल्या दोन लेकरांना घेऊन होडीतून उतरली, तेव्हा काठावर तिला घ्यायला कोणीच नव्हते. लाल लुगडे तिने आदल्या दिवशी वाळत घातले होते. घरी चूल विझलेली होती. आवडी हसून म्हणाली, की भूक नाही. लेकरांना मात्र तसे म्हणता आले नाही.

राही भांडी घासता घासता जे पाही, ते नवऱ्याला सांगे. तिवरांची झाडे धक्क्याकडे सरकली आहेत. बगळे आता जिथे उभे राहतात, तिथे पूर्वी होडी चाले. ओहोटीला मधल्या पात्रात ढिगारा उघडा पडतो. धाकोजी ऐके, उद्या पाहतो म्हणे आणि पटाशी उचली. पुढच्या दाराशी गिऱ्हाईक थांबलेले असे.

पोशा नाखव्याची होडी आधी प्रत्येक भरतीला येत असे. मग ती मोठ्या भरतीलाच येऊ लागली. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच. मचव्यांनी तर केव्हाच दुसरे बंदर धरले होते. एके दिवशी नाखवा पुन्हा सुताराच्या पडवीत आला. सगळ्या नगराने तीन ओहोट्या हात लावला, तरी पात्र मोकळे होईल, अजून वेळ गेलेली नाही, असे त्याने सांगितले. धाकोजी त्याच्यासह कारभाऱ्याकडे गेला. कारभाऱ्याने दोघांना पानसुपारी दिली. खाडीची आठवण त्याला सावकाश आली. वास येतो खरा, असे तो म्हणाला. आणि धाकोजीच्या हातची घट्ट बसणारी मागची झडप आपल्याला हवी आहे, हेही त्याने सांगून घेतले.

धाकोजीने ती झडप करून दिली. त्या वर्षी त्याने तशा चाळीस झडपा केल्या. नाखव्याने होडी पलीकडच्या काठाला नेऊन बांधली आणि तो तिकडेच राहू लागला.

त्यानंतर दोन वर्षे आवडी माहेरी आली नाही.

तिसऱ्या वर्षी राहीने अंथरूण धरले. वैद्याने नाडी पाहिली आणि बाहेर येऊन धाकोजीला बाजूला घेतले. राहीला काय हवे आहे, हे तिला विचारावे लागले नाही. ती अंथरूण मागच्या दाराशी घालून मागत होती. मीठ घेऊन वळशाच्या वाटेने येणाऱ्या एका बैलवाल्याबरोबर धाकोजीने निरोप धाडला: तुझी आई वाट पाहते आहे.

निरोप पोचला, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वळशाच्या वाटेने यायचे, तर तीन दिवस लागले असते. पोशा नाखवा म्हणाला, की पौर्णिमेचे उधाण वर्षातले मोठे आहे, होडी जाईल.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भरती पूर्ण आली. राही दाराशी उशीला टेकून बसली होती. तिनेच आधी होडी पाहिली आणि नवऱ्याच्या मनगटाला बोट लावले. होडी मध्यावर आली. आवडी उभी असलेली दिसली. मग काठापासून सुमारे शंभर हातांवर होडी एकदा डोलली आणि थांबली. नाखव्याने बांबू रोवून जोर केला. बांबू गाळात शिरत गेला, शिरत गेला आणि त्याच्या हाताएवढा वर राहिला. तो उपसून काढायला दोघांना ओढावे लागले. होडी हलली नाही. पाणी मात्र परत फिरले. कारण भरती कोणासाठी थांबत नाही, उधाणाची तर नाहीच. घटकाभरात होडीच्या चहूंबाजूंना काळा, चकाकणारा, माणूस गिळणारा गाळ उघडा पडला.

आई आणि मुलगी एकमेकींना पाहत होत्या. आवडी काहीतरी ओरडून सांगत होती. वारा उलटा होता. राहीच्या आवाजात ओरडण्याइतके बळ राहिले नव्हते. पुढली भरती यायला अंधार पडला असता, आणि वैद्याने अंधार पडेपर्यंतचीही खात्री दिलेली नव्हती.

धाकोजी उठला. पुढच्या दाराशी गेला आणि त्याने ते सर्वांत देखणे दार बिजागऱ्यांतून उचलून काढले. एक फळी डोक्यावर घेऊन तो घरातून मागे गेला आणि ती त्याने गाळावर आडवी टाकली. फळी थोडी रुतली आणि स्थिरावली. तिच्यापुढे त्याने दुसरी टाकली. दहा हात झाले. नव्वद उरले.

तो मार्गावर धावत आला आणि घरोघर दारे मागू लागला.

तांबटाने कारण विचारले नाही; हातातील हातोडी टाकून त्याने आपले दार उचलले. विणकरांच्या पहिल्या घराने दिले. दुसऱ्याने फळ्यांना डाग पडतील काय, असे विचारले. तिसऱ्याने दुसऱ्याची वाट पाहिली. रंगाऱ्याची बायको म्हणाली, की मालक बाहेर गेले आहेत, त्यांना विचारल्याशिवाय कसे द्यावे. कारभारी स्वतः बाहेर आला. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले. हे दार खुद्द राजाने वाखाणलेले आहे, ते चिखलात टाकणे म्हणजे राजाचाच अपमान होईल, असे तो म्हणाला. धाकोजीने त्याचे पाय धरले.

"कारभारीसाहेब, दार माझ्याच हातचं आहे," तो म्हणाला. "दुसरं करून देईन. याहून चांगलं करून देईन. आज मला माझी लेक बायकोपर्यंत पोचवू द्या."

कारभाऱ्याने त्याला खांद्याला धरून उठवले आणि आत जाऊन कडी लावली. ती कडीही धाकोजीनेच बसवलेली होती.

तरी दारे जमली. फळीमागून फळी गाळावर पडत गेली. वेली चिखलात गेल्या, राघू चिखलात गेले. तांबट आणि दोन विणकर फळ्या पुढे सरकवीत होते. शेवटचे पाच हात उरले, तेव्हा आणखी फळी द्यायला कोणीच तयार नव्हते. धाकोजीने मागचे अरुंद दार काढायला घेतले. त्याच्या पायाशी राही टेकून बसलेली होती. तिची नजर होडीकडे होती. बिजागरी सोडवताना तो तिच्याशी दोन शब्द बोलला, होईलच आता, पोचलीच ती, असे काहीतरी. तिने उत्तर दिले नाही. घाईत त्याला ते उमगले नाही.

आवडी फळ्यांवरून धावत आली. मधे ती दोनदा पडली. कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी तिने आईचा चेहरा धरला, तेव्हा तो अजून कोमट होता.

आता काठावर सगळे नगर जमले होते. कोणी झडपा उघडून पाहत होते, कोणी घरांच्या मधल्या बोळांतून आले होते. त्यांतील कित्येकांनी दहा-बारा वर्षांत पाण्याची बाजू पाहिलेली नव्हती. समोर मैदानासारखा गाळ पसरला होता. त्यातून मडक्यांचे काठ, कौले, कोळसा आणि रंगाचे थर वर आलेले होते. आणि पार पलीकडे, नाल्याएवढी एक चकाकती रेघ उरली होती.

"एवढा गाळ साचला कधी?" विणकरांतील एक म्हातारी म्हणाली.

धाकोजीला तो दिवस ठाऊक होता. त्या दिवशी नारळही वाढवलेला होता.

दुसऱ्या सकाळी नगरातले पुरुष फावडी घेऊन गाळात उतरले. ते तीन ओहोट्या खपले, मग तीस. जे काम एकेकाळी एका दुपारचे होते, ते आता एका पिढीचे झाले होते. पावसाळ्यात मार्गावरचे पाणी उतरायला जागा मिळेना, म्हणून ते घरांत शिरू लागले. मिठागरे आटली. व्यापार दुसऱ्या खाडीवर गेला. राजाचा हत्ती पुन्हा कधी आला नाही.

आवडी तेराव्यानंतर वळशाच्या वाटेने सासरी गेली. जाताना तिने वडिलांना बरोबर चला म्हटले. तो गेला नाही.

धाकोजी पुष्कळ जगला. पुढे तो रोज आपल्या हत्यारांची पेटी घेऊन रांगेतून फिरे, आणि तुमचे दार पुन्हा त्या बाजूला बसवून देतो, मला काही नको, असे घरोघर सांगे. लोक त्याचा मान राखीत. त्याला बसायला पाट देत, पाणी देत, आणि शेवटी विचारीत, "पण धाकोजीबाबा, तिकडे आता पाहायला काय आहे?"

तो पाणी पिऊन उठे आणि पुढच्या घरी जाई.

बोध: ज्याच्या आधाराने आपण वसलो, त्याच्याकडे रोज पाहण्याचे सोडू नये, कारण न पाहिलेल्या गोष्टी सावकाश मरतात, आणि त्या मेल्याचे आपल्याला कळते, तेव्हा हाक मारून पोचण्याएवढाही वेळ उरलेला नसतो.